संशोधन : आपल्या गावातले, आपल्या घरातले

आमच्या शाळेतल्या मुलांच्या दप्तरात दोन भाषांची पुस्तके शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे कधीकधी शब्दांची मोठी गंमत होते. हिंदीच्या पुस्तकात ‘संविधान संशोधन’ असे वाचले की मुलांना कळते, घटनेत दुरुस्ती झाली. पुढच्याच तासाला मराठीच्या पुस्तकात ‘इतिहास-संशोधक राजवाडे’ असे येते आणि एखादा हात वर होतो, “सर, म्हणजे राजवाड्यांनी इतिहास दुरुस्त केला का?”

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. मराठीत आपण ज्याला संशोधन म्हणतो त्याला हिंदीत शोध किंवा अनुसंधान म्हणतात, आणि हिंदीतले संशोधन म्हणजे आपली दुरुस्ती. दोन्हीचे मूळ मात्र एकच, संस्कृतातला ‘शुध्’ हा धातू. शुद्ध करणे, स्वच्छ करणे हा त्याचा अर्थ. आपल्याला जे माहीत आहे असे वाटते ते तपासायचे, त्यातले खोटे आणि ऐकीव बाजूला काढायचे, उरेल तेवढेच खरे मानायचे. तेही उद्या कोणी अधिक चांगला पुरावा आणला तर बदलण्याच्या तयारीने. अशा अर्थाने राजवाड्यांनी खरोखरच इतिहास दुरुस्त केला!

हा विषय या वार्तापत्रात घेण्याचे कारण आमच्या टेबलावर दरवर्षी साठणारे ‘प्रकल्प’. रंगीत कागद, सुवाच्य अक्षर, दुकानातून आणलेली चित्रे, आणि आता तर संगणकाला नुसता विषय सांगितला की तयार मिळणारी दहा पाने. सगळे छान असते, पण ही दहा पाने ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिली तो प्रश्न मुलाला सांगता येत नाही. माहिती गोळा करणे वाईट नाही, परंतु ते संशोधन नव्हे. ज्याचे उत्तर आपल्याला अजून ठाऊक नाही असा एक प्रश्न, आणि ते उत्तर प्रामाणिकपणे शोधण्याची एक रीत, या दोन गोष्टी जमल्या की संशोधन सुरू झाले. त्यासाठी विलायतेला जायला नको. संशोधनाचे बहुतेक मुख्य प्रकार आपल्या इंदुरात होऊन गेले आहेत.

खड्ड्यातले शास्त्र

शेतीच्या पुस्तकात कंपोस्ट खत करण्याची ‘इंदोर पद्धत’ दिलेली असते. ती पद्धत आपल्याच शहरातली. सन १९२४ मध्ये येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था सुरू झाली. होळकर दरबाराने तिला जमीन दिली. आज तेथे कृषी महाविद्यालय आहे. संस्थेचे संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड, आणि रसायनशास्त्राची बाजू सांभाळणारे त्यांचे प्रमुख साहाय्यक होते यशवंत वाड.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. माळव्याच्या काळ्या जमिनीला खत हवे. शेण तर गोवऱ्या होऊन चुलीत जाते. शेतात उरतात कपाशीच्या पऱ्हाट्या, तण आणि पालापाचोळा. थोड्याशा शेणात एवढ्या सगळ्या काडीकचऱ्याचे खत होईल का?

आता त्यांनी काय केले ते क्रमाने पाहा, कारण संशोधनाच्या पायऱ्या याच आहेत. पहिली पायरी, आपल्या आधी कोणी काय केले ते वाचणे. चीनमधले शेतकरी शतकानुशतके कचऱ्याचे खत करत आले होते, त्यावर किंग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचे १९११ मध्ये पुस्तक आले होते. इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेड येथेही कृत्रिमरीत्या खत करण्याचे प्रयोग झाले होते. दुसरी पायरी, परिकल्पना, म्हणजे तपासून पाहता येईल असा अंदाज: काडीकचरा, थोडे शेण, राख आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती योग्य प्रमाणात मिसळून हवा आणि पाणी दिले, तर बुरशी व जिवाणू बाकीचे काम करतील. तिसरी पायरी, प्रयोग. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असे खड्डे केले. पऱ्हाट्या फार कठीण, लवकर कुजेनात. म्हणून त्या रस्त्यावर पसरल्या, वरून जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी त्या चिरडल्या जात. खड्ड्यातला माल तीन वेळा खालीवर केला. चौथी पायरी, मोजणे आणि लिहून ठेवणे. काडीकचऱ्यात कार्बन फार आणि नायट्रोजन कमी असतो. सुरुवातीला सुमारे ३३ ला १ असे असलेले हे प्रमाण तीन महिन्यांत सुमारे १० ला १ वर येते आणि खत तयार होते, असे त्यांना आढळले. पाचवी पायरी, जगापुढे मांडणे. १९३१ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावे छापली गेली. १९३५ मध्ये गांधीजी इंदुरास आले तेव्हा त्यांनीही ही संस्था पाहिली.

या संशोधनाला ‘उपयोजित’ म्हणतात, कारण त्याचा हेतू व्यवहारातली अडचण सोडवण्याचा आहे. त्यालाच ‘प्रायोगिक’ही म्हणतात, कारण त्याची रीत प्रयोगाची आहे. मुलांचा येथे नेहमी घोटाळा होतो. ही दोन नावे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ‘कशासाठी?’ असे विचारले तर संशोधन मूलभूत असते किंवा उपयोजित. ‘कोणत्या रीतीने?’ असे विचारले तर ते प्रायोगिक, सर्वेक्षणात्मक किंवा ऐतिहासिक असते.

प्रयोगाचा एक नियम लक्षात ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व सारखे ठेवायचे. बदलणाऱ्या गोष्टीला ‘चल’ म्हणतात. घरच्या भाजीच्या सालींचे खत करून पाहायचे असेल तर सहा सारख्या कुंड्या घ्या. तिघींमधला माल दर आठवड्याला खालीवर करा, तिघींमधला करू नका. साली, माती, पाणी, ऊन सगळ्यांना सारखे. एकेकच कुंडी का नको? एखादी कुंडी योगायोगानेही बिघडू शकते. तिन्ही सारख्या वागल्या तर योगायोगाची शंका कमी होते. देवगुराडिया येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या, रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याच्या क्षमतेच्या कारखान्याच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे: या कचऱ्याचे करायचे काय?

आधी निदान, मग औषध

‘सर्वेक्षण’ हा शब्द इंदूरच्या लहान मुलालाही पाठ आहे. २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात आपला पहिला क्रमांक आला. सातव्या वेळी सुरत बरोबरीने होते. पण इंदूरचे एक मोठे सर्वेक्षण त्याच्या शंभर वर्षे आधी झाले आहे.

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेकडे वळले. होळकर दरबाराने त्यांना बोलावले आणि १९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. प्लेगने त्या काळी लोकांना जेरीस आणले होते. गेडिस यांची रीत अशी की आधी नकाशा घेऊन गल्लीगल्लीतून पायी फिरायचे, घरे, विहिरी, नदीकाठ, झाडे, मोकळ्या जागा पाहायच्या आणि मगच उपाय सुचवायचा. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ता काढणे त्यांना मान्य नव्हते. जिथे दोनचार पडकी घरे हलवून हवा-उजेड मिळतो तिथे पूर्ण गल्ली कशाला पाडायची, असा त्यांचा विचार होता. दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ केलेल्या रस्त्यांवरून जाईल असे त्यांनी जाहीर करवले आणि लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून काढल्या, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी दिली आहे.

सर्वेक्षणात आपण काहीही बदलत नाही. जे आहे ते नीट पाहतो, विचारतो, मोजतो. येथे सांभाळायची गोष्ट म्हणजे ‘नमुना’. सगळ्या शहराला विचारणे शक्य नसते, म्हणून काही थोड्यांना विचारतो. ते थोडे कोण, यावर उत्तराचा खरेखोटेपणा ठरतो. समजा, प्रश्न असा आहे: इंदूरच्या मराठी घरांतली मुले घरी मराठी बोलतात का? आपण फक्त आपल्या शाळेतल्या मुलांना विचारले तर उत्तर फार समाधानकारक येईल. पण ज्यांना मराठीची ओढ आहे तेच पालक मुलांना आपल्या शाळेत घालतात! इतर शाळांत जाणारी मराठी मुले आपल्या यादीत आलीच नाहीत. असे उत्तर आपल्याला सुखावेल, परंतु ते खरे नसेल.

याच प्रश्नावर माहितीचे दोन प्रकार समजतात. आजी ‘कुलूप’ म्हणते, आई काय म्हणते, आणि आपण ‘ताला’ म्हणतो का? असे वीस शब्द घेऊन दहा घरांतल्या तीन पिढ्यांना विचारले आणि तक्ता केला, तर ते ‘संख्यात्मक’ संशोधन. मग आजीपाशी बसून, शब्द केव्हा बदलला, शेजार कोणाचा होता, दुकानात कोणती भाषा लागे, हे तिच्याच शब्दांत लिहून घेतले, तर ते ‘गुणात्मक’. पहिल्याने ‘किती’ ते कळते, दुसऱ्याने ‘का’ ते कळते. दोन्हींची गरज असते.

जुन्या कागदांची साक्ष

राजवाड्यांनी काय केले ते आता सांगतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घरांतली दप्तरे शोधत. वाईस मिळालेल्या कागदांवरून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला. पुढे असे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. आपल्या इंदुरातही वा. वा. ठाकूर यांनी १९४० च्या दशकात ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ संपादित केली.

‘साधने’ हा शब्द महत्त्वाचा. अहिल्याबाईंच्या हयातीत महेश्वरहून लिहिलेले पत्र हे प्राथमिक किंवा अस्सल साधन. त्या पत्रांवरून कोणी लिहिलेले चरित्र हे दुय्यम साधन. दूरदर्शनवरची मालिका ही मनोरंजनासाठी केलेली कलाकृती. तिच्यात पाहिले म्हणून उत्तरपत्रिकेत लिहू नये. अस्सल कागदही डोळे मिटून मानायचा नसतो. कोणी लिहिला, कोणाला लिहिला, घटनेनंतर किती दिवसांनी लिहिला, लिहिणाऱ्याचा त्यात काही स्वार्थ होता का, हे विचारावे लागते.

हे कागद बहुधा मोडी लिपीत असतात. एकेकाळी मराठीचा सारा लेखी व्यवहार मोडीत चाले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ती मागे पडली आणि आता ती वाचणारे फार थोडे उरले आहेत. होळकरांच्या चाकरीच्या निमित्ताने ज्यांची घराणी माळव्यात आली अशी कितीतरी कुटुंबे आपल्या शाळेशी जोडलेली आहेत. त्यांच्या पेट्यांत सनदा असतील, जमाखर्चाच्या वह्या असतील, लग्नाच्या याद्या असतील. एका पालकांनी आम्हाला सांगितले की जुना वाडा सोडून फ्लॅटमध्ये जाताना रुमालात बांधलेले मोडी कागद कोणालाच वाचता येईनात, म्हणून ते रद्दीबरोबर गेले. त्यात काय होते हे आता कधीच कळणार नाही. खताचा प्रयोग पुढच्या वर्षी पुन्हा करता येतो. रद्दीत गेलेला कागद आणि न विचारता राहिलेली आजोबांची आठवण परत मिळत नाही.

ज्याचा उपयोग विचारू नये असे संशोधन

देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना आकड्यांचे वेड होते. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, उत्तराशी पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. या संख्येला आज जग ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणते.

याचा उपयोग काय, असे विचारले तर पटकन उत्तर देता येत नाही. असे का होते, एवढेच कुतूहल त्यामागे होते. याला ‘मूलभूत संशोधन’ म्हणतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात ‘इंडस-१’ आणि ‘इंडस-२’ ही मोठी यंत्रे आहेत. त्यांतून निघणाऱ्या प्रखर किरणांनी पदार्थांची आतली रचना तपासतात. त्यातले काही काम उद्याच्या कारखान्याला उपयोगी पडेल, काही केवळ ज्ञानात भर घालील. कापरेकरांना मात्र अशा यंत्राची गरज पडली नाही, कागद आणि पेन्सिल पुरली.

वर्गातले संशोधन

आणखी एक प्रकार आम्हा शिक्षकांचा, ‘कृती-संशोधन’. आपल्याच कामातली अडचण घ्यायची, उपाय करायचा, फरक पडला का ते मोजायचे. आमची मुले मराठीच्या वहीत ‘कवि’ आणि ‘गुरु’ असे ऱ्हस्व लिहितात, कारण हिंदीच्या वहीत तेच बरोबर असते. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून ‘कवी’, ‘गुरू’. नुसते लाल गोल करून काय साधते? त्यापेक्षा दोन्ही भाषांचे शब्द शेजारी शेजारी लिहून घ्यावेत, महिन्याने पुन्हा तेच श्रुतलेखन द्यावे आणि चुका मोजाव्यात. चुका घटल्या तर ठीक, न घटल्या तर उपाय बदलावा. यावर कोणी जगप्रसिद्ध होणार नाही, पण चाळीस मुलांचे शुद्धलेखन सुधारेल.

थोडे प्रामाणिकपणाविषयी

संशोधनात सर्वांत मोठे पाप म्हणजे दुसऱ्याचे आपले म्हणून सांगणे, आणि त्याच्याच खालोखाल, हवे ते उत्तर आले नाही म्हणून आकडे बदलणे. कुंड्यांमध्ये काहीच फरक दिसला नाही, तर ‘फरक दिसला नाही’ असेच लिहा. तेही उत्तरच आहे. पुस्तकातून घेतले तर पुस्तकाचे नाव लिहा, आजोबांकडून कळले तर आजोबांचे. संगणकाची किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली तर तीही मोकळेपणाने लिहा. ते यंत्र छान भाषेत चुकीचेही सांगू शकते, म्हणून त्याने सांगितलेले दुसरीकडे पडताळून पाहा. तुमच्या आजीने लहानपणी कुलपाला काय म्हटले हे कोणत्याच यंत्राला माहीत नाही. ते विचारायला तुम्हालाच जावे लागेल.

पालकांना आणि विश्वस्तांना

पालकांना विनंती, की मुलांचा प्रकल्प आपण करून देऊ नये. वाकडातिकडा तक्ता चालेल. त्याऐवजी मुलाला एक संध्याकाळ आजीआजोबांपाशी वही घेऊन बसू द्यावे. घरात जुने कागद असतील तर वाचता येत नाहीत म्हणून टाकू नयेत. ते कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावेत, त्यांना चिकटपट्टी लावू नये, आणि शक्य तर प्रत्येक पानाचे मोबाइलवर स्पष्ट छायाचित्र घ्यावे.

विश्वस्त मंडळींपुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो. ग्रंथालयात एक कपाट आणि एक नोंदवही, ज्यात पालकांनी दिलेल्या कागदांच्या प्रती आणि मुलांनी टिपलेल्या आठवणी तारीखवार राहतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोडी वाचनाचा एक वर्ग. त्यात मोठ्यांनीही बसावे. आणि वार्षिक प्रदर्शनात प्रत्येक प्रकल्पासमोर एक कार्ड, ज्यावर मुलाने स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहाव्यात: माझा प्रश्न काय होता, मी उत्तर कसे शोधले, आणि मला अजून काय कळलेले नाही.

बक्षिसाचे गुण तिसऱ्या ओळीला अधिक द्यावेत, अशी आमची सूचना आहे. विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या अंकासाठी तुमचे प्रश्न वर्गशिक्षकांकडे द्या. उत्तरे नकोत, सध्या फक्त प्रश्न हवेत.